जूनमधली गोळी, नोव्हेंबरातल्या नाकासाठी

आमच्या भागातल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टला हमखास एक प्रश्न येतो. "अगं, तुझ्या लेकीची ती जिभेखालची गोळी, तिने खरंच काही फरक पडतो का?" ती म्हणजे गवताच्या परागकणांच्या ॲलर्जीवरची गोळी. मी बसस्टॉपवर उभी राहून अंगठ्याने लांबलचक उत्तर टाइप करते. तेवढ्यात कोणीतरी न मोडणाऱ्या चकलीचा व्हिडिओ टाकतं, त्यावर साठ जणी वाहवा करतात आणि माझं उत्तर वर वाहून जातं. म्हणून या वर्षी इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक टाकता येईल.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी मूळची कराडकडची, २०१८ पासून मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीटमध्ये राहते आणि चाइल्डकेअरमध्ये काम करते. लेक नऊ वर्षांची आहे. तिचं नाव इथे लिहायचं नाही अशी तिचीच अट आहे, म्हणून चिऊ म्हणते. (घरात चिऊ म्हटलेलंही तिला हल्ली खपत नाही. पण ब्लॉग माझा आहे.) मी डॉक्टर नाही. आमच्या घरी जे झालं, स्पेशालिस्टने जे सांगितलं आणि मी जे वाचलं, तेवढंच लिहिते आहे.

टारनीट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: नव्या घरांच्या रांगा, रांग संपली की रिकामे प्लॉट, आणि प्लॉटवर ऑक्टोबरात कमरेइतकं गवत. त्यातलं बरंचसं रायग्रास. गाईगुरांच्या चाऱ्यासाठी हे गवत युरोपातून इथे आणलं आणि ते इथलंच होऊन बसलं. त्यात उत्तरेकडचा गरम वारा सुटला की मैलोन्‌मैल कुरणांवरचे परागकण शहरावर येतात. इथे रोजच्या हवामानासोबत परागकणांचाही आकडा सांगतात. एका घनमीटर हवेत गवताचे ५० कण झाले की 'हाय', १०० झाले की 'एक्स्ट्रीम'. नोव्हेंबरात आम्ही सकाळी आधी हा आकडा बघतो, मग डबा भरतो.

चिऊला शिंका फारशा येत नसत, हे मुद्दाम सांगते. 'हे फिवर' (परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी) म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर शिंकणारं माणूस येतं. चिऊ तळहाताने नाक खालून वर चोळायची, इतकं की नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ पडली होती. डोळ्यांखाली काळं. रात्री तोंड उघडं ठेवून घोरायची, सकाळी उठली की चिडचिड. आणि एक आवाज. टाळूला खाज सुटली की ती जीभ मागे ओढून टाळू खाजवायची, त्याचा टक्‌-टक्‌ असा आवाज व्हायचा. जेवताना, गृहपाठ करताना, गाडीत मागच्या सीटवर. कामावर चार वर्षांच्या मुलांमध्ये मी तो आवाज आता लांबूनही ओळखते आणि संध्याकाळी न्यायला आलेल्या आईच्या कानावर घालते.

हे सगळं चालू होतं त्या वसंतात (इथला वसंत म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर) सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांनी ओव्याची पुरचुंडी गरम करून नाकाला शेकली, फ्रिजमधलं दूध बंद केलं, आणि "सर्दी आहे गं, पोरांना होते" असं दिवसातून तीनदा सांगितलं. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात गवताने कोणाला असं केलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. माझ्या माहेरी तर गवताच्या गंजीवर उड्या मारून आम्ही मोठे झालो. कराडहून भावाने फोनवर विचारलं, "गाजर गवत आहे का तिकडे?" गाजर गवताचा त्रास मला ठाऊक आहे, आमच्या शेजारच्या काकांच्या हातापायांची सालटी निघायची. पण ते नावापुरतंच गवत, खरं तर सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. १९५० च्या दशकात ते पहिल्यांदा दिसलं तेही आपल्या पुण्यातच.

आपल्या लोकांना इथे आल्या आल्या काही होत नाही, आणि गोम तिथेच आहे. माझा नवरा पहिली तीन वर्षं "या ऑस्ट्रेलियन लोकांना काय फुलांचं वावडं" म्हणून हसायचा. चौथ्या वसंतात त्याचे डोळे सुजले. आशियातून इथे आलेल्यांवर अभ्यास झाले आहेत. जितकी वर्षं मुक्काम वाढतो तितकं हे फिवरचं प्रमाणही वाढत जातं. शरीराला हे गवत ओळखायला आणि मग त्याच्याशी भांडायला काही मोसम लागतात.

आता या सगळ्याला मी "नाकच तर गळतंय" म्हणून सोडून का देत नाही, ते सांगते. २१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण जुनी मंडळी अजून सांगतात. दिवसभर ३५ अंश, हवेत परागकणांचा आकडा एक्स्ट्रीम. संध्याकाळी वादळ आलं, गारवा सुटला, लोक हुश्श करत अंगणात आले. आणि तासाभरात अँब्युलन्सच्या फोनची रांग लागली. पुढच्या तीस तासांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून जास्त माणसं श्वास लागतो म्हणून इमर्जन्सीत पोचली. दहा जण दगावले. आजारी पडलेल्यांमध्ये भारतीय आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. आणि त्यातल्या कित्येकांना दमा आहे असं कोणत्याही डॉक्टरने कधी सांगितलेलं नव्हतं. वसंतातलं हे फिवर मात्र बहुतेकांना होतं.

हे कसं होतं याचा शोध मेलबर्न विद्यापीठातच लागला होता. १९९२ मध्ये सुफिओग्लू, सिंग, नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये तो छापला. रायग्रासचा अख्खा परागकण ३० मायक्रॉनच्या वर, तो नाकातच अडकतो. पण पावसाच्या पाण्याने तो फुगून फुटला की त्यातून सुमारे ७०० पिष्टकण बाहेर पडतात, प्रत्येक ३ मायक्रॉनहून लहान आणि प्रत्येकावर तेच ॲलर्जीचं प्रथिन. ते थेट फुप्फुसात खोल जातात. म्हणजे आयुष्यभर फक्त शिंकणाऱ्या माणसालाही त्या एका संध्याकाळी धाप लागू शकते. हे वाचल्यापासून चिऊच्या नाकावरच्या रेघेकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

गोळीच्या आधीच्या पायऱ्या थोडक्यात. जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, झोप न आणणारं ॲलर्जीचं सिरप दिलं आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. 'स्टेरॉइड' ऐकून ग्रुपवर घाबरायची पद्धत आहे. हा स्प्रे नाकातल्या नाकात काम करतो आणि मोसम सुरू व्हायच्या आधीपासून रोज मारला तरच कामाचा. तो मारायची रीत मात्र मला फार्मसीतल्या बाईंनी शिकवली तेव्हा कळली. मान किंचित खाली, स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने, आणि मारल्यावर जोरात हुंगायचं नाही. हुंगलं की औषध घशात जातं, कडू लागतं आणि पोर दुसऱ्या दिवशी पळून जातं. पुढे खोकला आणि छातीतली शिट्टी सुरू झाली तेव्हा दम्याचं निदान झालं, सौम्य, आणि प्रिव्हेंटर पफर (दमा आटोक्यात ठेवायला रोज तोंडाने ओढायचं औषध) आला. या सगळ्याने निम्मं-अधिक भागलं. उरलेलं मात्र भागेना.

मग स्पेशालिस्ट. सरकारी यादी लांबलचक होती, म्हणून आम्ही खाजगीत गेलो.

त्वचेची चाचणी करायची म्हणजे आधी काही दिवस ॲलर्जीचं सिरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांध उठतच नाही. चिऊचा हात टेबलावर पालथा घालून नर्सने कोपरापासून मनगटापर्यंत पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोच. रक्त येत नाही. मग पंधरा मिनिटं हात खाजवायचा नाही. चिऊने डोळे मिटून, ओठ दाबून ती काढली. एका आकड्यापाशी हिस्टामिन असतं, तिथे गांध उठायलाच हवी. एका ठिकाणी नुसतं मिठाचं पाणी, तिथे काही व्हायला नको. धूळकिड्याची बारीकशी गांध आली. मांजराची आली नाही (यावर चिऊने तिथल्या तिथे मांजराची मागणी नोंदवली). आणि रायग्रासची गांध एवढी फुगली की तिला फाटे फुटून ती शेजारच्या आकड्यावर गेली. नर्सने पेनाने तिची कड आखली, पट्टीने मोजली, आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ केले.

त्या यादीत एक 'बरमुडा ग्रास'ही होतं, त्याची छोटीशी गांध आली. नर्स म्हणाली, इथे त्याला काउच म्हणतात, लॉनमध्ये असतं. कागदावर शास्त्रीय नाव होतं, सायनोडॉन डॅक्टिलॉन. मी तिथेच बसून फोनवर शोधलं. हरळी. दूर्वा! आमच्या मागच्या अंगणात जी माजली आहे, जिच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या करून मी दरवर्षी गणपतीला वाहते, ती. माझा चेहरा बघून डॉक्टरांना वाटलं मला चक्कर येते आहे.

त्यांना देवाधर्मातलं काही कळलं नाही, पण गवतातलं पक्कं कळत होतं. म्हणाले, ही गोळी पाच गवतांची आहे: रायग्रास, टिमथी, कॉक्सफूट, केंटकी ब्लू आणि स्वीट व्हर्नल. पाचही थंड हवेतली, एकमेकांची जवळची नातलग. एकीची सवय झाली की दुसरीचीही बरीचशी होते. दूर्वा उष्ण प्रदेशातली, वेगळ्या शाखेची. या गोळीचा तिच्यावर भरवसा धरता येत नाही. पण मेलबर्नमध्ये खरा त्रास रायग्रासचाच, आणि चिऊची तीच गांध मोठी, म्हणून गोळी तिच्या कामाची. हीच मुलगी दूर्वेने बेजार झाली असती तर ते नको म्हणाले असते. दूर्वांच्या जुड्या करायलाही त्यांची हरकत नव्हती. आपण कोवळी, तुरा न आलेली पानं घेतो आणि परागकण असतात ते तुऱ्यात.

ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी लिहितं, "पुण्याहून थेंब मागवा, तिकडे स्वस्त पडतात." भारतात जिभेखालच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात, खरं आहे, आणि तिथले ॲलर्जीचे डॉक्टर त्या तिथल्या चाचणीवरून तिथल्या झाडा-गवतासाठी देतात. टारनीटच्या रायग्राससाठी कोणाच्या तरी मावशीच्या बॅगेतून आलेली बाटली मी चिऊच्या तोंडात घालणार नाही.

गोळीचं नाव ओरलेअर. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला मोसमाच्या चार महिने आधी सुरू करायला सांगितलं, म्हणजे जूनच्या शेवटी, ऐन थंडीत, जेव्हा पोरीच्या नाकाला काहीही झालेलं नसतं. मोसम संपला की बंद, पुढच्या जूनमध्ये पुन्हा. असे तीन मोसम ओळीने. पहिल्या दिवशी शंभरच्या ताकदीची एक गोळी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवसापासून तीनशेच्या ताकदीची रोज एक. पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची आणि अर्धा तास तिथेच थांबायचं. पाच मिनिटांत चिऊ जीभ बाहेर काढून म्हणाली, "आई, इथे मुंग्या आहेत." कानात पण खाज. डॉक्टर शांतपणे म्हणाले, अपेक्षित आहे. पहिले काही आठवडे गोळीच्या आधी ॲलर्जीचं सिरप द्यायला त्यांनी सांगितलं होतं. हळूहळू मुंग्या गेल्या.

रोजचं काम दिसायला सोपं आहे. गोळी जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत गिळायचं नाही, म्हणजे किमान एक मिनिट, आणि त्यानंतर पाच मिनिटं खाणंपिणं नाही. सात वर्षांच्या मुलीला एक मिनिट न बोलता बसवून बघा, मग कळेल. नवऱ्याने मोबाइलवर कार्टून लावून पाहिलं, ते मिनिटाच्या जागी अर्धा तास चाललं. मग मी पाढे सुरू केले. मी तेराचा पाढा म्हणायचा आणि मध्येच मुद्दाम चुकायचं. "तेरा साते ब्याण्णव." चिऊला बोलता येत नाही, म्हणून ती एक बोट वर करून डोळे मोठे करते. गोळी विरघळली की पहिलं वाक्य: "एक्क्याण्णव! आई, तुला काहीच येत नाही." शनिवारच्या मराठी शाळेत सतरापर्यंतचे पाढे येणारी ती एकटीच आहे. बाईंना वाटतं आम्ही फार संस्कारी घर आहोत.

पण गोळीत खाडे पडतात, आणि ते पुस्तकात वाचून कळत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडतात. दात पडला की जखम भरेपर्यंत गोळी बंद. आमच्याकडे ते सात दिवस सांगितलं होतं. एक दात बरा होतो न होतो तोच दुसरा हलायला लागायचा. चिऊला एकीकडे दाताचे पैसे मिळायचे आणि वर गोळीची सुट्टी, त्यामुळे ती जिभेने दात ढकलत बसायची. तोंड आलं तरी बंद. दम्याने उचल खाल्ली असेल तर त्या दिवशी द्यायचीच नाही. खाडा आठवड्याच्या वर गेला तर मनाने पुन्हा सुरू न करता आधी फोन करून विचारायचं. गिळताना अडकतंय किंवा सारखं छातीत जळजळतंय असं मूल म्हणालं तर थांबवून कळवायचं, कारण क्वचित कोणाला या गोळीने अन्ननलिकेला सूज येते. आणि अगदी क्वचित मोठी रिॲक्शनही येऊ शकते, म्हणून गोळी मोठ्यांच्या देखत. मुलाच्या दप्तरात देऊन "बसमध्ये घे" असं करायचं हे औषध नाही.

खर्चाचं विचारता म्हणून सांगते. सरकार ज्या औषधांचा खर्च उचलतं त्या यादीवर (पीबीएस) ही गोळी नाही, त्यामुळे पूर्ण पैसे आपल्याच खिशातून. महिन्याला शंभर डॉलरच्या वर, वर्षातले पाच-सहा महिने, तीन वर्षं, शिवाय स्पेशालिस्टच्या भेटी. आम्ही त्या वर्षी भारताची फेरी पुढे ढकलली. प्रत्येक घराला हे जमेल असं नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या मुलांना स्प्रे आणि पफर नीट मिळाले तरी बरंच साधतं. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण ग्रुपवर गोळीचं नाव निघालं की ती न देणारी आई कमी पडते असा एक सूर लागतो. तो मला पटत नाही.

गोळी करते काय? ज्याचा त्रास आहे तेच थोडं थोडं रोज देत राहायचं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडायचं सोडते. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी टिमथी गवताच्या परागकणांचा अर्क सुईने टोचून पाहिला आणि १९११ मध्ये तो प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापला. सुईचा मार्ग आजही आहे, पण ती टोचायला दर वेळी दवाखान्यात जावं लागतं. जिभेखालच्या त्वचेत अशा पेशी भरपूर आहेत ज्या बाहेरून आलेल्या गोष्टीची ओळख शरीराला करून देतात, आणि तिथून ओळख झाली की ती सहसा भांडणाची नसते. रक्तात ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांना आडवे येणारे आयजीजी-४ वाढतात. हे हळूहळू होतं, म्हणून तीन वर्षं. दोनच वर्षं देऊन थांबवलं तर पुढे काय, हे टिमथीच्या अर्कावर लंडनमध्ये मोठ्या माणसांत तपासलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला. थांबवल्यावर वर्षभराने औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक उरला नव्हता. आमच्या घरी दुसऱ्या वर्षाअखेरीस "आता बस झालं" अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मी हेच वाचून दाखवलं.

मुलांवरचे आकडे विचाराल तर पाच गवतांच्या या गोळीची चाचणी २७८ मुलांवर झाली होती, वयं ५ ते १७. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा खरी घेणाऱ्यांची लक्षणं सरासरी २८ टक्क्यांनी कमी. नवरा म्हणाला, "एवढंच?" मलाही आधी तसंच वाटलं. पण दोन्ही गटांना लागेल तेव्हा नेहमीची औषधं घ्यायची मुभा होती, म्हणजे हा फरक औषधांच्या वरचा. दुसरा मोठा अभ्यास युरोपातला, टिमथीच्या गोळीचा, ५ ते १२ वयाच्या ८१२ मुलांवर. तीन वर्षं गोळी आणि पुढे दोन वर्षं नुसती देखरेख. हे फिवर असलेल्या मुलांना पुढे दमा होण्यापासून गोळी थांबवते का, हा प्रश्न होता. ज्या काटेकोर व्याख्येने त्यांनी दमा मोजायचं ठरवलं होतं, तिथे फरक दिसला नाही. पण दम्याची लक्षणं असलेली आणि दम्याची औषधं लागणारी मुलं गोळीच्या गटात कमी होती, गोळी बंद झाल्यावरच्या दोन वर्षांतही. "गोळी दिली की दमा होत नाही" असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि "काही उपयोग नाही" म्हटलं तरी नको. वादळी दम्याबद्दल इथल्याच आल्फ्रेड हॉस्पिटल आणि मोनॅश विद्यापीठाच्या लोकांनी लिहिलं आहे. २०१६ च्या वादळाआधी ज्यांनी हीच गोळी घेतली होती, ते त्या संध्याकाळी बचावले. माणसं मोजकी होती आणि मोठी होती, लहान मुलं नव्हेत. तरी मला तो कागद धीर देतो.

आणि आमच्या घरी? पहिल्या वसंतात मला ठामपणे काही सांगता आलं नसतं. चिऊ जरा बरी होती. पण ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी गवतच कमी, मग श्रेय कोणाला द्यायचं? नवरा पावसाला देत होता, मी गोळीला. दुसऱ्या वर्षी मात्र तुलना घरातच मिळाली. आमचा खोट्या गोळीचा गट म्हणजे माझा नवरा. त्याने गोळी घेतली नव्हती ("माझ्या नाकावर एवढा खर्च नको"). नोव्हेंबरात तो टिश्यूचा डबा काखेत घेऊन घरात फिरत होता, आणि चिऊ शनिवारी क्रिकेटच्या मैदानावर, ताज्या कापलेल्या गवतावर, लाँग ऑनला उभी होती. चष्मा लावून, टोपी घालून, नाक चोळत होती, पण होती. त्याआधीच्या वर्षी ती ओव्हरच्या मध्येच गाडीत येऊन बसायची. रात्री तोंड मिटून झोपायला लागली. टक्‌-टक्‌ आवाज पूर्ण गेला नाही. एक्स्ट्रीमच्या दिवशी तो येतोच.

स्प्रे अजून चालू आहे. प्रिव्हेंटरही. वादळी दम्याचा अंदाज लाल, म्हणजे धोका मोठा, असेल त्या संध्याकाळी खिडक्या बंद करून आम्ही सगळे घरात, गोळी घेतलेली असो नसो. चिऊची मैत्रीण म्हणाली, "तुला तर गोळी आहे, तू ये की बाहेर." चिऊने तिला घरात बोलावून घेतलं.

आमच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीला मी तूर्त गोळीच्या मागे लागू नको असंच सांगितलं. तिच्या मुलाचा दमाच आटोक्यात नाही, आठवड्यातून चार रात्री खोकतो. अशा मुलाला डॉक्टरही आधी दमा ताळ्यावर आणल्याशिवाय गोळी देत नाहीत. दुसरीच्या मुलाला वर्षभर सर्दी, मे-जूनमध्येही. चाचणीत धूळकिडा निघाला. त्याला गवताची गोळी काय कामाची? पाचच्या आतल्या मुलांना ही गोळी नाहीच. आणि ज्या मुलाला वर्षातून दोन आठवडे थोडंसं नाक गळतं, त्याच्यासाठी तीन वर्षं पाढे म्हणत बसण्याइतकी हौस कोणाला असेल तर माझा नमस्कार.

आता ऑगस्ट आहे. ज्या आज विचारत आहेत त्यांचा या मोसमापुरता जून गेला. डॉक्टरांशी बोलून बघा, पण माझा सल्ला असा की या वर्षी बाकीचं नीट करा. स्प्रे सप्टेंबरपासून. वाटलवर (इथलं बाभळीच्या जातीचं झाड) पिवळी फुलं आली म्हणून तिला शिव्या देऊ नका, तिचा पराग जड असतो, वाऱ्यावर फार लांब जात नाही. घरात एक निळा पफर (धाप लागल्यावर लगेच आराम देणारा) आणि स्पेसर (पफरला जोडायची पोकळ नळी) ठेवा. इथे तो फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो. घरात कोणालाही वसंतात नाकाचा त्रास असेल तर ठेवाच, दमा नसला तरी. धाप लागली तर बसवायचं, एकेक करून चार पफ, प्रत्येक पफला स्पेसरमधून चार श्वास, मग चार मिनिटं थांबायचं. फरक पडला नाही तर पुन्हा चार आणि अँब्युलन्ससाठी ००० ला फोन. फोनवर व्हिकइमर्जन्सी ॲप टाका, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत त्यावर वादळी दम्याचा अंदाज येतो.

आणि पुढच्या वर्षीसाठी रेफरल, म्हणजे स्पेशालिस्टकडे जायची जीपीची चिठ्ठी, फेब्रुवारीतच मागा, कारण स्पेशालिस्टची वेळ मिळायला महिने जातात आणि चाचणी होऊन जूनपर्यंत गोळी हातात यायला हवी. चिठ्ठीवर 'गवताची ॲलर्जी, इम्युनोथेरपीसाठी विचार' (इम्युनोथेरपी म्हणजे गोळीसारखा हा सवय लावण्याचा उपचार) असं जीपीकडून स्पष्ट लिहून घ्या आणि चाचणीआधी ॲलर्जीचं सिरप कधीपासून बंद करायचं ते वेळ घेतानाच विचारा. नाहीतर पहिली भेट नुसत्या ओळखीपाळखीत जाते, गांधच उठत नाही, आणि फी पूर्ण पडते.